सारांश नको

बाळकुम,
९ सप्टेंबर २०२५

अनिश,

तू फोन उचलत नाहीस. दिपिका उचलते आणि "हे आंघोळीला गेलेत" म्हणते. सकाळी केला तरी आंघोळ, दुपारी केला तरी आंघोळ. टिटवाळ्याला एवढं पाणी येतं हे ऐकून बरं वाटलं. म्हणून पत्र लिहायला घेतलं. पत्राला आंघोळीचं कारण सांगता येत नाही.

आधी कामाचं. मच्छीमार सोसायटीच्या कॉम्प्युटरवरचा तुझा तो नवा ब्राउझर मी आज काढून टाकला. बाजूच्या पट्टीत बसून न विचारता बोलत राहतो, तोच. विमलाबाई मासे विकून आली की ऑफिसात टेकते, तिने त्याचं नाव बडबड्या ठेवलंय. त्याच्या जागी मी एक साधा ब्राउझर घातला. त्यात पट्टी नाही, मदतनीस नाही, सारांश नाही. पान उघडतो आणि गप्प बसतो. त्याचं नाव अर्थातच मुका पडलं.

तुला राग येईल, येऊ दे. चूक माणसाची आणि शिक्षा सॉफ्टवेअरला, असंही तू म्हणशील. जे झालं त्याच्या तुझ्या आणि माझ्या आठवणीत फरक पडलेला दिसतो, तेव्हा माझ्याकडचं लिहून ठेवते.

जूनमध्ये खाडीकिनारच्या रस्त्याची नोटीस आली. त्या रस्त्याचा भराव आपल्या धक्क्याच्या तोंडाशी येतो. होड्यांना खाडीत निघायला तेवढीच एक वाट आहे. आपल्या कोळीवाड्यात नोटीस कशी वाचतात हे तुला सांगायला नको. देवळासमोर सगळे बसतात, सेक्रेटरी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत मोठ्याने वाचतो, तोवर कोणी खोकतसुद्धा नाही. त्याने कागद मिटला की मग भांडणं सुरू होतात. बाबांच्याही आधीपासून हे असंच आहे. तेव्हा वाचता येणारा एकच असायचा आणि बाकीच्यांना त्याच्यावर भरवसा ठेवण्यावाचून इलाज नव्हता. सवय राहिली ती राहिलीच.

त्या दिवशी सेक्रेटरी तू होतास. तू उभा राहिलास आणि बडबड्याने काढून दिलेला सारांश वाचलास. पाच ओळी. शेवटची ओळ होती, "नागरिकांनी तूर्त कोणतीही कृती करणे आवश्यक नाही." मग मोबाईल खिशात घातलास. लोकांना वाटलं, नोटीसच पाच ओळींची. कोणी भांडलंसुद्धा नाही, उठून घरी गेले.

नोटीस बावीस पानांची होती. होड्यांच्या वहिवाटीबद्दल मुदतीत हरकत आली नाही, तर वहिवाट नाही असं धरलं जाईल, हे जोडपत्रात लिहिलं होतं. मुदत गेली. मग तू टेम्पो बोलावलास, टिटवाळ्याला बिऱ्हाड हलवलंस आणि जाताना मला ऐकवलंस, "जग पुढे चाललंय बाय, तुम्ही बसा देवळासमोर."

आम्ही बसलोय. पलीकडच्या गावांनी आरडाओरडा केला म्हणून एकदाच मुदत वाढवून मिळाली आहे, १५ ऑक्टोबरपर्यंत. हरकत फक्त पोर्टलवर घेणार. ही चुकली तर धक्का राहील, होड्या राहतील आणि त्यांच्यापुढे रस्ता असेल.

सेक्रेटरी आता मी आहे. तुला सोसायटीतून काढायचा ठराव येणार होता. आला नाही. का, ते विचारू नकोस.

सगुणा

बाळकुम,
१८ सप्टेंबर

अनिश,

हसायचं असेल तर हस. मुक्यात पोर्टल चालत नाही.

म्हणजे उघडतं. लॉगिन होतं, ओटीपी येतो, सोसायटीचं नाव येतं. वर एक पिवळी पट्टी येते की आपला ब्राउझर या संकेतस्थळासाठी योग्य नाही. त्याला मी घाबरत नाही, मला पन्नास वर्षं लोक हेच सांगत आलेत. पण पुढे नकाशा आहे. होड्या कुठून जातात ती रेघ त्या नकाशावर स्वतः ओढायची, त्याशिवाय पुढचं बटण दाबता येत नाही. आणि मुक्यात नकाशाच्या जागी नुसता पांढरा चौकोन. खाडी नाही, धक्का नाही, बाळकुमच नाही. धाकूकाका चष्मा लावून बराच वेळ त्या पांढऱ्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "भराव टाकून झाला काय गं?"

हेल्पलाइनला फोन केला. देवेश नावाचा मुलगा होता, आवाजाने चांगला वाटला.

"मॅडम, ब्राउझर कुठला वापरताय?"

सांगितलं.

"तो सपोर्टेड नाही मॅडम."

"का नाही?"

"लिस्टमध्ये नाही ना."

"लिस्ट कोणी केली?"

"ते वरून येतं मॅडम."

"वर कोण आहे? त्यांच्याशी बोलते."

"मॅडम, तुम्ही असं करा ना, घरात कोणी यंग असेल तर त्यांना दाखवा."

मी म्हटलं, "होता एक. टिटवाळ्याला गेला."

तो बिचारा "ओके मॅडम, आणखी काही मदत?" म्हणाला. मी म्हटलं, आणखी म्हणजे? आधी कुठे झाली?

लिस्टमध्ये दोनच ब्राउझर आहेत. दोन्हींत हल्ली तो बोलका मदतनीस बसवलेला असतो. सरकारी कामासाठी मी कुठल्या खिडकीतून बघायचं हेसुद्धा आता कोणीतरी वरून ठरवणार असेल, तर मग माझंही ठरलंय. हरकत जाईल ती मुक्यातून जाईल.

दिपिकाला सांग, कोळंबीचं लोणचं पाठवलंय. पत्राबरोबर नाही, आंबिवलीला जाणाऱ्या सरोजच्या हाती. ती टिटवाळ्यापर्यंत येईल. लोणचं फक्त दिपिकासाठी आहे.

सगुणा

बाळकुम,
२५ सप्टेंबर

अनिश,

मुदत जवळ आली तशी लोकांची चुळबुळ वाढली. धाकूकाका चेअरमन असूनही मला काही बोलत नाहीत, पण विमलाबाई बोलते. "सगुणाबाय, तुझ्या हट्टाने होड्या अडकल्या तर काय करशील? पोरांना ब्राउझर खायला देशील?" तिचं चुकत नव्हतं. म्हणून काल मी बडबड्या परत घातला. घातला हे तुला कळायला हवं. मी न बघता नाही म्हणत नाही.

नकाशा लगेच दिसला. हिरवी तिवरं, मातकट खाडी, आपला धक्का नखाएवढा. धाकूकाकांनी बोट धरून रेघ ओढायला लावली. "हितून नको, ओहोटीला हितं चिखल असतो. जरा दक्षिणेला घे. हां, आता सरल." ऑफिसात सगळे दाटीने उभे होते. मलाही वाटलं, उगाच वाद घातला मी.

मग हरकतीची चौकट आली. मी लिहिलं: आमच्या होड्या पिढ्यानपिढ्या याच वाटेने खाडीत जातात. भराव पडला तर एकही होडी निघणार नाही. आमचा या भरावाला विरोध आहे.

चौकटीच्या कडेला काहीतरी चमकलं आणि सुधारित मजकूर तयार आहे असं आलं. मी काही दाबायच्या आत तो खालीच दिसायला लागला. मी मोठ्याने वाचला, कारण सगळे ऐकायला उभे होते.

"प्रस्तावित प्रकल्पाचे आम्ही स्वागत करतो. स्थानिक मच्छीमार बांधवांच्या सोयीचा योग्य तो विचार व्हावा, ही नम्र विनंती."

विमलाबाई म्हणाली, "जल्ला! ह्यो कोनाच्या पगारावर हाय?"

मी "नको" दाबलं. पुढच्या पानावर गेले, परत आले, सुधारित मजकूर पुन्हा तयार. आता 'विरोध' या शब्दाखाली रेघ. हा शब्द वाचणाऱ्याला कठोर वाटू शकतो, म्हणे.

तू काय म्हणशील मला पाठ आहे. "बाय, ते नुसतं सुचवतं. घ्यायचं की नाही ते तुझ्या हातात." असेल. पण माझ्या हातातलं पेन कोणी दर वाक्याला सरळ करत असेल, तर त्याच्या शेजारी बसून मला हरकत लिहायची नाही. मी नसते तर धाकूकाका बसले असते, किंवा पुढच्या वर्षी जो कोणी सेक्रेटरी होईल तो. त्याला वाटलं असतं, किती छान भाषा आहे, हीच पाठवू.

आणि मला सारांशाचं वावडं आहे असं समजू नकोस. डोंबिवलीच्या साप्ताहिकात जन्म काढला मी. दर गुरुवारी अंक छापायला जायचा आणि दर गुरुवारी मी लोकांचा मजकूर कापायची. अर्धी बातमी उडवली तरी बातमी राहते, हे मला कळतं. पण कापणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. हे वाचणार कोण, आणि यातलं काय गेलं तर त्याचं नुकसान होईल. बडबड्याला धक्का ठाऊक नाही, आपण कोण ते ठाऊक नाही, मग त्याने नेमकं तेच कापलं ज्याच्यावर आपलं पोट आहे. तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्याला काही पडलेलीच नव्हती.

बडबड्या पुन्हा काढला. विमलाबाईने स्वतः बटण दाबलं.

आता फक्त एक बाब कळवते. मदत मागत नाहीये. मुक्यात नकाशाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बाकी सगळं चालतं. कळवलं.

सगुणा

बाळकुम,
२ ऑक्टोबर

अनिश,

तुझं पत्र आलं. छापील, दोन पानी. धाकूकाकांना वाटलं कोर्टाचं आहे.

"आदरणीय भगिनी सगुणा, आपल्या भावना मी पूर्णपणे समजू शकतो. बदलत्या तंत्रज्ञानाच्या युगात परंपरा आणि प्रगती यांचा समतोल साधणे ही काळाची गरज आहे."

चड्डीत होतास तेव्हापासून तू मला 'बाय' म्हणतोस, आणि चिडलास की 'सगुणे'. 'आपण' कधीपासून म्हणायला लागलास? आणि भावना समजू शकतोस? तुला दिपिकाच्या भावना समजत नाहीत असं ती लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून सांगतेय.

ज्या गोष्टीवरून आपण तीन महिने बोलत नाही, तिच्याबद्दलचं पत्रसुद्धा तू त्याच्याकडूनच लिहून घेतलंस? तुझी एवढी हिंमत बघून मला आधी हसू आलं. मग आलं नाही.

पत्र परत पाठवतेय. जुन्या सवयीने लाल पेन घेऊन बसले आणि ज्या वाक्यात तू नव्हतास ते ते कापत गेले. शेवटी दोन शब्द उरले, वर माझं नाव आणि खाली तुझं. तेवढे ठेवून घेतले असते, पण ते वेगळे काढता येत नाहीत.

शिव्या द्यायच्या असतील तर हाताने लिहून दे. तुझं अक्षर घाण आहे, मला चालतं.

सगुणा

बाळकुम,
९ ऑक्टोबर

अनिश,

मिळालं. बिलाच्या पाठीमागे लिहिलंयस, पेन मध्येच संपलंय, आणि पहिलं वाक्य "सगुणे तू येडी आहेस काय" असं आहे. विमलाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हा आपला अनिश."

इथे सगळ्यांपुढे ते मोठ्याने वाचलं, पूर्ण. एकही शब्द सोडला नाही, "तुमच्या त्या धाकूला बोल चष्मा बदल" हासुद्धा. धाकूकाका म्हणाले, "वाच वाच, पुढं वाच."

पुढे तू लिहिलंयस: "पांढरा चौकोन म्हणजे काय पोर्टल बिघडलेलं नाय. तुझा मुका लय संशयी आहे. बाहेरून कोण पण माल आणायला लागलं की तो दरवाजा लावतो, आणि तो नकाशा बाहेरून येतो. पत्त्याच्या डाव्या बाजूला ढाल असेल, तिच्यावर दाब, ह्या एका साइटपुरती बंद कर, काम झालं की परत चालू कर. पिवळ्या पट्टीकडे बघू नको, ती नुसती ओरडते. मी परवा ठाण्याला आलेलो, धक्क्यापर्यंत आलेलो, वर आलो नाही."

ढाल दाबली. खाडी आली.

धाकूकाकांनी परत रेघ ओढून घेतली, भरतीची एक आणि ओहोटीची एक. पोर्टल एका हरकतीला एकच रेघ घेतं, म्हणून दोन हरकती केल्या. चौकटीत मी लिहिलं तेच राहिलं. विरोध या शब्दाखाली काही आलं नाही. सोबत चौदा पानं जोडली. प्रत्येक होडीचं नाव, कोणाच्या बापाने बांधली, कुठल्या मोसमात कुठला मासा धरते, निवट्यापासून चिवणीपर्यंत. पाठवायच्या आधी देवळासमोर सगळं वाचलं. मग भांडणं झाली, चार दुरुस्त्या केल्या, पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि मग पाठवलं. पोच आली.

धक्क्यापर्यंत येऊन वर आला नाहीस, हे लिहायची काय गरज होती? नसतं लिहिलंस तर मी शांत झोपले असते.

बाय

बाळकुम,
२१ नोव्हेंबर

अनिश,

काल सुनावणी झाली. झाली म्हणजे सुरू झाली.

ठाण्याला त्या रस्त्यावाल्यांच्या ऑफिसात हॉल आहे, गार, खुर्च्या चांगल्या. आपल्याकडून तीसेक माणसं होती, बायका जास्त. साहेब तरुण, नीट बोलणारे. त्यांनी पाणी देववलं आणि म्हणाले, "सगळ्या गावांच्या मिळून खूप हरकती आल्यात, त्यामुळे आम्ही त्यांचा सारांश तयार करून घेतलाय. तो पडद्यावर दाखवतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल."

आपली पाळी आली तेव्हा ऑफिस सुटायला तासभरच उरला होता. पडद्यावर बाळकुमसाठी दोन ओळी आल्या. "स्थानिक मच्छीमारांनी प्रकल्पाबाबत काही सूचना केल्या आहेत. त्यांच्या भावनांचा आदर राखला जाईल."

तिथेही तोच, अनिश. आपण त्याला दारातून काढला, तो साहेबांच्या टेबलावर जाऊन बसला होता. मुक्यातून पाठवलेलं, दोनदा वाचलेलं, चार दुरुस्त्या केलेलं सगळं तिथे गेल्यावर परत दोन ओळींचं झालं. तुला खरं सांगते, क्षणभर वाटलं, हे आपल्याला कुठेच जिंकता येणार नाही. बाजूला विमलाबाई होती. तिने मला कोपराने ढोसलं.

मी उभी राहिले. "साहेब, आम्ही सूचना केलेली नाही. विरोध केलाय."

"हो मॅडम, तुमच्या भावना पोचल्यात."

"भावना नाहीत त्या. मजकूर आहे."

"मजकूर रेकॉर्डवर आहेच ना."

"वाचला का कोणी?"

ते हसले, वाईट नाही, दमलेल्या माणसासारखे. "मॅडम, एवढं सगळं वाचणं प्रॅक्टिकल आहे का, तुम्हीच सांगा."

त्यांच्याच नोटिशीत लिहिलंय की हरकतदाराचं म्हणणं ऐकून घेतलं जाईल. ते पान मी त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "ऐकून घ्यायला बसलायत तर ऐका." आणि पिशवीतून कागद काढून वाचायला लागले. पहिल्या अक्षरापासून.

त्यांची माणसं चुळबुळली. कोणी फोन घेऊन बाहेर गेलं, कोणी चहा आणला. आपली माणसं हलली नाहीत. त्यांना माहीत आहे, वाचणारा थांबेपर्यंत बोलायचं नसतं. एवढी तीस कोळी माणसं एका जागी गप्प बसलेली त्या ऑफिसने कधी पाहिली नसतील. थोड्या वेळाने साहेबांनीही पेन खाली ठेवलं. भरती-ओहोटीच्या दोन रेघा आल्या तेव्हा त्यांनी मध्येच विचारलं, "म्हणजे ओहोटीला होडी वेगळ्या ठिकाणाहून निघते?" धाकूकाका उत्तर द्यायला तोंड उघडणार, तर विमलाबाईने त्यांच्या मांडीवर हात आपटला. "वाचून होऊ दे आधी." साहेबांनाच सांगितल्यासारखं झालं ते.

ऑफिस सुटायची वेळ झाली. साहेब म्हणाले, "उरलेलं लेखी आहेच, आपण सुनावणी पूर्ण झाली असं नोंदवू."

मी म्हटलं, "पूर्ण झालेली नाही, तर तसं लिहू नका."

त्यांनी पडद्यावरच्या दोन ओळी बंद करायला सांगितल्या आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: सुनावणी अपूर्ण, पुढील तारीख देण्यात यावी. जोवर वाचन संपत नाही तोवर त्यांना निर्णय देता येत नाही आणि भराव टाकता येत नाही. हे मी त्यांच्याकडून सगळ्यांसमोर वदवून घेतलं.

परत येताना रिक्षात मी सांगून टाकलं की उरलेलं तू वाचशील. गहजब झाला. विमलाबाई म्हणाली, "परत त्यालाच? आख्ख्या कोळीवाड्यात दुसरा कोण नाय?" मी म्हटलं, "त्यालाच. एकदा गाळलेला माणूस आता स्वल्पविरामसुद्धा सोडणार नाही." धाकूकाका म्हणाले, "चष्मा बदललाय म्हणून सांग त्याला." यापुढे याच्यावर मला कोणाचं काही ऐकायचं नाही, त्यांचं नाही आणि तुझंही नाही.

तारीख ११ डिसेंबर आहे. ठाण्याला उतरलास की सरळ सुनावणीच्या ऑफिसात ये. आधी घरी येऊ नकोस, आलास की जेवायला बसशील आणि उशीर होईल. जेवण नंतर. दिपिकालाही आण, तिला हॉलच्या खुर्च्या आवडतील.

सातवं पान माझं झालंय. आठव्यावर पहिलं नाव धाकूकाकांच्या होडीचं आहे, तिथून सुरू कर. मोठ्याने वाच.

बाय